गिधाड हटाव मोहीम, नालवाडी

६ डिसेंबर १९८१, रविवार. सकाळी ८.३०

परसातल्या बेहड्यावर दोन गिधाडं. चोचीत काटक्या. म्हणजे घटकाभर टेकायला आलेली नाहीत, बिऱ्हाड करायला आली आहेत. माझ्या झाडावर. मला न विचारता.

शत्रूचं वर्णन लिहून ठेवतो. रंग काळपट. मान लांब आणि बोडकी, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी. मानेच्या बुडाशी पांढरा मफलर. चोच पुढून वाकलेली, जाड. बसतं ते खांदे वर काढून, मान आत ओढून. आमचे साहेब रजेचा अर्ज वाचताना बसतात तसं. उडालं की पाठीवर कमरेजवळ पांढरा पट्टा दिसतो.

नलू म्हणाली, "बाबा, पांढऱ्या पाठीचं गिधाड आहे ते. जोडी आहे. वर्षाला एकच अंडं घालतात." नलू बी.एस्सी. फायनलला आहे, झूऑलॉजी. मी तिला विचारलं नव्हतं.

सौ. घाबरली. घरावर गिधाड बसलं की घर सोडावं लागतं म्हणे. मी विज्ञाननिष्ठ माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण नलूसाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि येणारे पाहुणे विज्ञाननिष्ठ असतीलच असं नाही. केवळ त्यांच्याकरता ही मोहीम.

(प्लॉट घेताना नालवाडीत सगळ्यांत शेवटचा घेतला, मोकळी हवा म्हणून. मेलेली ढोरं टाकायची जागा तिथून तीन फर्लांगावर आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. सौ.ने सांगितलं होतं.)

मुदत : आठ दिवस.

८ डिसेंबर, मंगळवार

दगडफेक. नेम उत्तम. एकूण बावीस दगड. एक लागला. गिधाडाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत काटकी रचायला लागलं.

नुकसान : स्वयंपाकघराच्या छपरावरचे सात कवेलू, सौ.चा पाण्याचा रांजण. वारा उलटा होता.

सौ. म्हणाली, "गिधाड तं जागचं हाललं नाई, आपलंच घर फोडून राह्यले तुमी." बायकांना डावपेच कळत नाहीत. आजची फेक फक्त अंतराचा अंदाज घेण्यासाठी होती.

१३ डिसेंबर, रविवार

दिवाळीचे सुतळीबॉम्ब उरले होते. चार बॉम्ब एकत्र बांधून बांबूच्या टोकाला लावले, वात पेटवली आणि बांबू झाडाला टेकवून मागे पळालो. योजना बिनचूक.

नेमके त्याच वेळी शेजारचे नत्थूजी कापसाने भरलेली बैलबंडी हाकत कुंपणाबाजूने जात होते. मला दिसले होते. पण वात पेटलेली होती.

आवाज जबरदस्त. खिडकीची काच गेली. नत्थूजींचे बैल उधळले. बंडी माझं काटेरी कुंपण घेऊन परसात आली, जू मोडलं, एक बैल मोकळा झाला आणि सरळ माझ्याकडे. मी वळलो. त्यामुळे शिंग मागून लागलं. उचलला गेलो तो थेट कापसाच्या ढिगावर. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. उतरलो, तर समोर नत्थूजी.

"वासुदेवराव, माह्या बैलानं तुमचं काय घोडं मारलं बाप्पा?" असं म्हणून त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या. मी त्या संयमाने घेतल्या. दुसरी जरा जास्त संयमाने.

बसायच्या जागी पाच टाके.

गिधाडं उडाली का? उडाली. गावावरून एक चक्कर मारून पाच मिनिटांत परत. म्हणजे यश मिळालं होतं, फक्त ते टिकलं नाही.

१५ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसात दिवसभर उभ्याने काम. साहेबांनी कारण विचारलं. रानडुक्कर म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, डुकराला शिंगं असतात का? त्यांना कोणी सांगितलं कळत नाही.

२७ डिसेंबर, रविवार. दुपारी

शत्रू कळल्याशिवाय युद्ध जिंकता येत नाही. म्हणून ढोरं टाकतात तिथे जाऊन आलो. जयवंता तिथे मेलेल्या ढोरांचं कातडं सोलतो. पन्नाशीचा, बारीक, सावकाश बोलणारा माणूस. काल मेलेला एक बैल त्याने सोलून ठेवला होता. लालभडक, चमकणारा ढीग. मी नाकाला रुमाल लावून बाभळीखाली बसलो.

९.४०. आभाळ रिकामं. जयवंता म्हणाला, "पाहा आता सायेब. ऊन तापलं का येतात."

९.५०. एक ठिपका. मग तीन. मग मोजणं सोडलं. पंख न हलवता घिरट्या घेत, पाय खाली सोडून एकेक उतरायला लागलं. दहा मिनिटांत साठ तरी असतील.

आधी सगळी लांब बसून राहिली. एकाने पुढे उडी मारली, आणि मग जे सुरू झालं ते लिहितो.

डोळे आणि जीभ पहिल्यांदा. मग मागून आत. मान खांद्यापर्यंत आत घालतात, बाहेर काढतात तेव्हा रक्ताने माखलेली. मानेवर पिसं का नसतात ते तिथे कळलं. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढतं, नखं रुतवतं, चोचीने मान धरून बाजूला फेकतं. पत्रा फाडल्यासारखा आवाज. दोघांच्या चोचीत एकच आतडं, दोघंही मागे ओढताहेत. तीन कुत्री घुसली. एका गिधाडाने पंख मारला आणि कुत्रं भेलकांडत गेलं. उठलं तेव्हा कान फाटून लोंबत होता. तरी परत घुसलं. पंखांची झटापट, धूळ, रक्ताचे शिंतोडे.

या ठिकाणी अधिक जवळून निरीक्षण करावं म्हणून मी जमिनीवर आडवा झालो. जयवंताच्या मते मी चक्कर येऊन पडलो. डोळे उघडले तेव्हा एक गिधाड सहा हातांवर उभं, मान वाकडी करून माझ्याकडे पाहत. जयवंताने ढेकूळ मारून त्याला हाकललं.

"जित्याले नाई लावत सायेब ते तोंड," तो म्हणाला. "पाहून राह्यलं होतं फक्त."

पाऊण तासात नुसता सांगाडा. जयवंता म्हणतो, "हे नसते तं या गावात नाक घेऊन राह्यता आलं नसतं. माह्यं अर्धं काम हेच करतात." त्याचा तिथे रोजचा संबंध, म्हणून तो त्यांची बाजू घेतो.

महत्त्वाची नोंद : पोट भरलेलं गिधाड पटकन उडू शकत नाही. पळत पळत जातं, उड्या मारतं, मग कसंबसं उठतं. काही तर नुसती बसून राहतात. हा कच्चा दुवा.

संध्याकाळी जेवलो नाही. भूक नव्हती, एवढंच.

१ जानेवारी १९८२, शुक्रवार

संकल्प.
रागावर पूर्ण ताबा.
रोज थंड पाण्याने आंघोळ. (उद्यापासून.)
नत्थूजींशी बोलणं सुरू करायचं. त्यांनी आधी केलं तर.
गिधाडं : संक्रांतीच्या आत.

३ जानेवारी, रविवार

प्रत्यक्ष हल्ला. दोर, कोयता आणि डोक्याला टॉवेल घेऊन झाडावर चढलो. वय बेचाळीस, पण शरीर तिशीतलं आहे. खाली सौ. आणि नलू. दोघींनी नको म्हटलं, त्यामुळे चढणं भागच होतं.

घरटं जवळून पाहिलं. बंडीच्या चाकाएवढं, काटक्यांचं, आत हिरवा पाला. त्यावर एक गिधाड बसलेलं. मी कोयता उगारला. त्याने मान लांब केली, फुस्स केलं आणि पोटातलं सगळं माझ्या तोंडावर ओकलं.

त्या वासाचं वर्णन करत नाही. डोळ्यांत गेलं, मिशीत गेलं, उघड्या तोंडात गेलं. मी कोयता सोडला. मग फांदी सोडली.

डावं मनगट मोडलं. प्लास्टर. दोन बरगड्यांना मार.

सौ. सगळ्यांना सांगते आहे की मी पडलो. उडी मारणं आणि पडणं यांतला फरक तिला कळत नाही. मी तीन साबणवड्या लावून आंघोळ केली, तरी ती जेवायचं ताट दारातूनच सरकवते.

नलूने विचारलं, "बाबा, अंडं दिसलं का?" मनगट कसं आहे हे नंतर विचारलं.

दिसलं होतं. पांढरं, मोठं. सांगितलं नाही.

२० जानेवारी, बुधवार

आनंदाची बातमी. सिंदी (रेल्वे) येथून रूपरावांचं पत्र. त्यांचा मुलगा केशव, गुरांचा डॉक्टर, सरकारी दवाखान्यात. मुलगी बघायला २८ फेब्रुवारीला येतो म्हणतात. फोटो पाठवला आहे. चेहरा सरळ, चष्मा. सौ. म्हणते नलूने फोटो पुस्तकात ठेवला आहे, आणि ते पुस्तक सारखं उघडते. अभ्यास वाढला आहे हे मलाही जाणवलं होतं.

असं स्थळ पुन्हा मिळणार नाही. गिधाडांची मुदत आता २८ फेब्रुवारी. ही शेवटची.

७ फेब्रुवारी, रविवार

विजय! पण सविस्तर लिहिलं पाहिजे.

सौ.चे थोरले भाऊ भैय्याजी जामहून आले. जामच्या चौफुलीवर त्यांचं चहाचं हॉटेल आहे. शेतातल्या डुकरांसाठी त्यांच्याकडे एक भरमार बंदूक आहे. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही.

नलू सकाळीच म्हणाली, "बाबा, पिल्लू निघालंय. आलटून पालटून बसतात दोघं. दोन-तीन महिन्यांत उडून जातील आपणहून." मी म्हटलं, पाहुणे तीन आठवड्यांत येणार आहेत. ती म्हणाली, "मग येऊ द्या ना. मी सांगीन त्यांना." काय सांगणार? हिला जगाचा अनुभव नाही.

दुपारी एक गिधाड चरून परत आलं. गळ्याची पिशवी फुगलेली, जड. फांदीवर धपकन बसलं. कच्चा दुवा! मी भैय्याजींना खूण केली.

पहिला बार फांदीत. दुसरा कुठे गेला कळलं नाही. नत्थूजींच्या कोंबड्या ओरडल्या. तिसऱ्या बाराला गिधाड फिरकी घेत खाली आलं आणि परसात आपटलं. डावा पंख मोडून लोंबत होता. मेलं नव्हतं. भैय्याजींची बंदुकीची दारू संपली होती.

ते उठलं. एक पंख पसरून, दुसरा मातीतून ओढत, परसभर धावायला लागलं. तुळशीपाशी गेलं, भिंतीला आपटलं, परत फिरलं. भैय्याजी म्हणाले, "लवकर संपवा जी, तडफडून राह्यलं. पाहवत नाई." आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी काठी घेतली. उजवा हात चांगला आहे. पहिला फटका पाठीवर. ते वळलं आणि माझी पोटरी धरली. चोच हाडाला लागल्याचं कळलं. मी किंचाळलो असं भैय्याजी म्हणतात. ती युद्धघोषणा होती. दुसरा फटका पंखावर, तिसरा मानेवर. मान वाकायची आणि परत वर यायची. डोळा माझ्याकडे. चौथा. पाचवा. त्याने ओकायचा प्रयत्न केला, नुसतं रक्त आलं. मग मी मोजले नाहीत, पण भैय्याजींनी मोजले. तेरा.

नलू दारात होती. "बाबा, पुरे. मेलं ते. केव्हाचं मेलं. बाबा, पुरे ना."

मला ऐकू येत होतं. हात थांबत नव्हता. व्यायामाचा अभाव.

पायाला सहा टाके. शर्ट टाकून दिला.

८ फेब्रुवारी, सोमवार

निम्मा विजय म्हणावा लागेल. दुसरं गिधाड घरट्यावर बसून आहे. काल संध्याकाळपासून हललेलं नाही.

मेलेलं उचलायला जयवंताला बोलावलं. त्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. म्हणाला, "सायेब, मेलेलं नेतो मी. हे तं तुमी मारलं." आणि निघून गेला. माणसं आडमुठी असतात. मीच ओढत नेऊन नाल्यापलीकडे टाकलं. पंख पसरले तर माझ्या दोन्ही पसरलेल्या हातांपेक्षा वीतभर जास्त. उजव्या पंखातली तीन मोठी पिसं आठवण म्हणून आणली.

नलू बोलत नाही. परीक्षा जवळ आली आहे.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

उरलेलं गिधाड सकाळी जातं, संध्याकाळी येतं. आधी दोघं होती तेव्हा एक कायम घरट्यात असायचं. आता पिल्लू दिवसभर एकटं. शत्रूची रसद तुटली. माझ्या हिशोबाप्रमाणे आठवड्यात मोहीम आपोआप संपेल.

दुपारी कावळे आले. चार-पाच. पिल्लाला टोचत होते, ते चिरकत होतं. मी कावळ्यांवर दगड मारले. नेम तपासायचा होता. तीन कवेलू.

२८ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ५

ठरलं म्हणायला हरकत नाही. क्रमवार लिहितो.

अकराला पाहुणे आले. रूपराव, त्यांची पत्नी रुख्माबाई आणि केशव. मी त्यांना पुढच्या दारानेच आत घेत होतो, पण रूपराव मागे हात धुवायला गेले आणि मान वर करून उभे राहिले.

"गिधाड हाय वाटते," ते म्हणाले.

मी म्हटलं, एकच आहे, तेही जाणार आहे.

"काऊन? राहू द्या ना. आमच्या सिंदीले जिनिंगमागच्या चिंचेवर बारा हायेत. सकाळी पंख वाळवत बसतात. मस्त दिसते."

माणसाला काही वावगं वाटलंच नाही. तीन महिने, पाच टाके, सहा टाके, एक मनगट. मग लक्षात आलं, मी निम्मा बंदोबस्त केला म्हणूनच ते इतके निश्चिंत आहेत.

केशव झाडाखाली गेला. नलू तिथे होती, सौ.ने मुद्दाम पाठवली होती. दोघं मान वर करून बोलत होते. पिल्लू किती दिवसांचं, त्याला गिधाड कितीदा भरवतं, वगैरे. नलू हसली. महिनाभरात पहिल्यांदा. सौ.ने मला कोपराने ढोसलं.

मग केशवने विचारलं, "जोडीतलं दुसरं दिसत नाही?"

नलूने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "येत नाही आता ते."

एवढंच! मुलीला विषय मांडता येत नाही. पोहे येईपर्यंत मी सगळ्यांना बैठकीत बसवलं आणि स्वतः मांडला. मुलगा गुरांचा डॉक्टर, त्याला रस असणारच. पिसं दाखवली. बंदुकीचं थोडक्यात. पुढचा भाग नुसता सांगून समजत नाही, म्हणून काठी आणली. गिधाडाच्या जागी लोड ठेवला.

पहिला फटका पाठीवर. दुसरा पंखावर. तिसरा मानेवर. सौ. आतून "अहो" म्हणत होती, मला वाटलं चहाबद्दल असेल. नलू पोह्यांची ताटली घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मी एकेक फटका मोठ्याने मोजला, म्हणजे पाहुण्यांना अंदाज यावा. नवव्या फटक्याला लोड उसवला. तेराव्याला कापूस बैठकभर, रूपरावांच्या टोपीवर, रुख्माबाईंच्या पदरावर. मला घाम फुटला होता. खूप मोकळं वाटत होतं.

रूपराव टोपी काढून कापूस एकेक करून वेचायला लागले. प्रभाव पडला की असंच होतं.

केशवने चष्मा काढून पुसला. "पिल्लू होतं ना तेव्हा घरट्यात?"

म्हटलं, होतं तर. आहे अजून.

रुख्माबाई उठल्या. नलूजवळ गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हातातली ताटली घेऊन खाली ठेवली. रूपराव म्हणाले, बसची वेळ झाली. बस दोनची होती आणि सव्वाबारा वाजले होते, पण वक्तशीर मंडळी दिसतात.

पोहे तसेच राहिले. मुलगा फाटकातून वळून वळून नलूकडे पाहत होता. पसंती पक्की.

९ मार्च, मंगळवार

सिंदीचं पत्र. "मुलगी सर्वांना पसंत आहे. परंतु योग दिसत नाही. क्षमा असावी."

पत्रिका जुळली नसणार. त्यांच्याकडचा ज्योतिषी सुमार असेल.

सौ. वेगळंच सांगते. रुख्माबाई निघताना तिच्या कानात म्हणाल्या म्हणे, "पोरगी सोन्यासारखी हाय बाई. पण उद्या काही बोलाचाली झाली, तं तुमचा माणूस काठी घेऊनच येईन आमच्या दारात. आन् पोरीनं आतापरेंत काय काय सोसलं असन, देव जाणे."

हे अन्यायाचं आहे. मी नलूवर आयुष्यात हात उगारलेला नाही.

एकदा. सातवीत होती.

दोनदा.

फोटो परत करायचा असतो. नलूने स्वतःच पुस्तकातून काढून पाकिटात घातला, पत्ता लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुरेख.

१४ मार्च, रविवार

गैरसमज समोरासमोर दूर करायचे असतात. सकाळच्या गाडीने सिंदीला गेलो. वाटेत मनात भाषण तयार केलं. मुख्य मुद्दा : मी अत्यंत शांत माणूस आहे. आवाज चढवायचा नाही. काठी नेली नाही.

रूपरावांनी चहा दिला. केशव घरात होता, बाहेर आला नाही. मी शांतपणे सांगितलं की मी शांत आहे. रूपराव म्हणाले, "आमचा काही राग नाई जी. तुमी जेवूनच जाजा." मी म्हटलं, राग नाही तर नकार का? ते म्हणाले, "पोराची आई नाई म्हणते." मी म्हटलं, तिला समजावा, मी शांत आहे. ते नुसतं हात जोडून बसले. त्या हात जोडण्याने मी जरा अस्वस्थ झालो. मी शांत आहे यावर जोर देण्यासाठी टेबलावर मूठ मारली. प्लास्टर नुकतंच निघालं होतं हे विसरलो. कपबशा खाली. काच रूपरावांच्या पायाला लागली, रक्त आलं. वेदनेने मी जे ओरडलो ते कोणा व्यक्तीला उद्देशून नव्हतं.

शेजारून दोन तरुण आले. त्यांनी मला दोन्ही दंडांना धरून स्टेशनपर्यंत पोचवलं आणि गाडी सुटेपर्यंत डब्यासमोर उभे राहिले. सिंदीची माणसं अगत्यशील.

मनगट पुन्हा प्लास्टरमध्ये.

४ एप्रिल, रविवार

हिंगणघाटचं एक स्थळ आलं आहे. शिक्षक. सौ.ने परस्पर बोलणं केलं, मला त्रास नको म्हणून.

आज जेवताना नलू माझ्याशी बोलली. किती आठवड्यांनी! मी भात कालवायचा थांबलो. आवाज अगदी साधा. म्हणाली, "बाबा, मी बसते पाटावर. तुम्ही म्हणाल तिथे बसते. फक्त त्या दिवशी तुम्ही घरी नका राहू."

सौ.ने मान वर केली नाही.

मी म्हटलं, मला तसंही त्या दिवशी काम आहे. तारीख अजून ठरायची होती.

पिल्लू मोठं झालं आहे. घरट्याच्या कडेला येऊन पंख फडफडवतं, पडता पडता सावरतं. त्याच्याबाबत अद्याप काही केलेलं नाही. सध्या वेळ नाही.

१८ एप्रिल, रविवार. दुपारी १२.१५. मुक्काम जाम

भैय्याजींच्या हॉटेलात आहे. मुलीच्या बाजूने कोणी पुरुषमाणूस बसायला हवं, म्हणून भैय्याजी सकाळीच नालवाडीला गेले. हॉटेल बंद ठेवणं बरं नाही. कोणीतरी जबाबदार माणूस इथे हवा होता, आणि असा मीच. त्यांच्याकडे कोट नाही, माझा दिला. खांद्यात बरोबर बसला.

सौ.ने सांगितलं आहे, पाचच्या आत निघू नका.

चहा करणं सोपं आहे. पहिला गंजभर चहा करपला, कारण स्टोव्ह सदोष. ऊन भयंकर. चौफुलीवर ट्रकांची रांग. वेळ चांगला जातो. अकरापासून घड्याळ फक्त चार-पाचदा पाहिलं. आता ती पोहे घेऊन आली असेल.

एक सरदारजी ड्रायव्हर बाकावर येऊन बसला. म्हणाला, "नये हो क्या?" म्हटलं, एक दिन का. "मालिक किधर गया?" म्हटलं, वर्धा की तरफ. लडकी दिखाने का प्रोग्राम है.

"अच्छा! किसकी लडकी?"

दूध उतू जायला आलं होतं, म्हणून मी आत गेलो.